मे महिन्यातल्या बर्फाचे हातमोजे

कोथरूडमध्ये हातमोजे ही उन्हाळ्यात वापरायची वस्तू आहे. एप्रिलच्या दुपारी कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला उभं राहून पाहा. दुचाकीवरच्या बायका-मुलींच्या तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला असतो आणि हातांत कोपराच्याही वर जाणारे सुती हातमोजे असतात. हा सगळा बंदोबस्त उन्हाचा आणि धुराचा. थंडीसाठी हातमोजे घालणारा माणूस जानेवारीत पहाटे पेपरवाल्यांत नाहीतर दूधवाल्यांत सापडतो. त्याचीही गरज दहा-बारा अंशांत गाडी चालवताना लागणाऱ्या वाऱ्यापुरतीच. त्यामुळे हिमालयात जायचं ठरलं की कोथरूडकर बुटांची चौकशी महिनाभर करतो, जॅकेटसाठी चार दुकानं पालथी घालतो आणि हातमोजे मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात, उरलेल्या पैशांत उरकतो.

पुण्यातून बर्फात जाणारे काही थोडे नाहीत. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्ट चढले आणि २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगाच्या माथ्यावर उभे राहिले. आठ हजार मीटरवर लागणारे पिसांचे जाडजूड मिटन, म्हणजे चारही बोटांना एकच कप्पा असलेले हातमोजे, हा वेगळाच मामला आहे. त्यांची किंमत विचारायचीही सोय नसते आणि आपल्याला त्यांची गरजही नसते. हे प्रकरण आहे ते सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सकाळी म्हातोबा टेकडी चढणाऱ्या मंडळींसाठी. कुणाला डिसेंबरात केदारकंठा करायचं असतं, कुणाला मे महिन्यात सार पास. कुणाच्या मुलीनं औलीला किंवा गुलमर्गला स्कीइंग शिकायचा हट्ट धरलेला असतो. या सगळ्यांचा दुकानातला प्रश्न एकच असतो : वॉटरप्रूफ आहेत ना? आणि दुकानदाराचं उत्तरही एकच असतं.

त्याऐवजी आधी स्वतःला विचारायला हवं, की आपण कोणत्या महिन्यात जातोय?

कारण बर्फ सगळा सारखा नसतो. उणे पाच-सात अंशांच्या खाली गेलेला बर्फ कोरडा असतो. हातमोज्यावर पडला तर झटकून टाकता येतो. त्यात पाणीच नसतं, त्यामुळे भिजायचा प्रश्न जवळपास येत नाही. केदारकंठ्याच्या माथ्यासाठी डिसेंबरात पहाटेच्या अंधारात निघतात, तेव्हा असाच बर्फ पायाखाली असतो. तिथे शत्रू वारा. शून्याच्या आसपास आलेल्या बर्फाचा स्वभाव मात्र बदलतो. त्याच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, तो चिकटतो आणि हाताच्या उबेनं लगेच वितळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्याच्या दुपारी, चार हजार मीटरवर तापलेला बर्फ नेमका असाच असतो. पुणेकर हिमालयात जातो तो शाळेच्या सुट्ट्या बघून, म्हणजे बहुतेक वेळा ओल्या बर्फात. थर्मामीटर बघितला तर मे महिना डिसेंबरपेक्षा पुष्कळ सौम्य. पण हातमोज्यांची खरी परीक्षा मे महिनाच घेतो.

सार पास ओलांडल्यावर उतारावर बसून घसरत खाली जायचं असतं. सगळ्या ट्रेकमधली ही सर्वांत मजेची गोष्ट, तिच्याच गप्पा पुढे वर्षभर चालतात. पण घसरताना वेग वाढला की माणूस आपोआप दोन्ही हात मागे बर्फात रोवतो. मनगटापर्यंत रोवलेल्या त्या हातांवर ओला बर्फ घासला जातो, मनगटपट्टीतून आत शिरतो आणि उतार संपेपर्यंत विणलेला मोजा पिळण्याइतका भिजलेला असतो. नवशिक्या स्कीअरचंही तसंच. तो जितका वेळ स्कीवर उभा असतो, तितकाच वेळ बर्फात हात टेकून उठायच्या खटपटीत असतो.

हात भिजल्यानं एवढं काय बिघडतं, ते बोटांच्या रचनेत आहे. बोटांमध्ये मांस जवळपास नाहीच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि बोटांत त्यांच्या फक्त दोऱ्या, म्हणजे कंडरा, आलेल्या असतात. म्हणजे बोट स्वतःची उष्णता फारशी निर्माण करत नाही. त्याला ऊब मिळते ती रक्तातून. आणि शरीराचा नियम असा, की छाती-पोट गार पडायला लागलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळायच्या आणि रक्त आत राखायचं. शिवाय बोट म्हणजे लांब, बारीक नळी, त्यामुळे आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग मोठा. उष्णता गमवायला इतकी सोयीची रचना दुसरी नाही. त्वचेचं तापमान पंधरा अंशांच्या आसपास आलं की बोटं अवघडतात, चेन लावता येत नाही. आठेक अंशांवर स्पर्शच कळेनासा होतो. शरीराकडे यावर एक छोटा उतारा आहे : गार पडलेल्या बोटांत काही मिनिटांनी रक्तवाहिन्या अधूनमधून उघडतात आणि थोडं गरम रक्त सोडतात. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याचं वर्णन केलं. पण आतडी-काळीज गार पडलेलं असेल तर हा उताराही चालत नाही. म्हणून बोटं गारठली की टोपी घाला, जॅकेटची चेन वर ओढा, असं जाणते सांगतात ते खरंच आहे.

आता यात पाणी घाला. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. हातमोज्याची ऊब म्हणजे त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा. तिची जागा पाण्यानं घेतली की हातमोज्याचा उपयोग उलटा व्हायला लागतो. त्यावर वारा सुटला तर बाष्पीभवन सुरू. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं आणि ती तुमच्या बोटांतूनच जाते.

म्हणजे हातमोजा पक्का वॉटरप्रूफ हवा, असं वाटेल. इथेच पैसे वाया जातात. पाणी हातमोज्यात तीन वाटांनी येतं. कापडातून आणि शिवणीतून येणाऱ्या पाण्याची चर्चा सगळे करतात. मनगटातून येणाऱ्या पाण्याची क्वचित कुणी करतं. आणि तिसरी वाट आतली, घामाची. जुलैत पौड रोडवरून रेनकोट घालून स्कूटर चालवलेल्या कुणालाही ही तिसरी वाट समजवायची गरज नाही : पाऊस आत येत नाही, तरी ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट भिजलेला. रबरी हातमोज्यात हाताचं तेच होतं. चढाला हात घामेजतो आणि माथ्यावर थांबलं की तोच घाम गार पडतो.

यावर उपाय म्हणून श्वास घेणारे पापुद्रे आले. अमेरिकेत बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा केला. छिद्रं इतकी लहान की पाण्याचा थेंब जात नाही, वाफ मात्र जाते. गोअर-टेक्स ते हेच. जॅकेटमध्ये ते छान चालतं. हातमोज्यात त्याची थोडी पंचाईत होते. पाच बोटांच्या इतक्या वळणदार शिवणींवर आतून टेप लावणं कठीण, म्हणून बहुतेक हातमोज्यांत पापुद्र्याची वेगळी पिशवी करून ती बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये बसवतात. परिणामी बाहेरचं कापड भिजतंच, जड होतं, गार होतं. पाणी फक्त पापुद्र्यापाशी अडतं. आणि कडक थंडीत घामाची वाफ बाहेर पडण्याआधीच अस्तरात गार होऊन पाणी बनते. दहा हजारांच्या हातमोज्यातही दिवसअखेर आत ओल सापडते ती यामुळे. पापुद्रा वाईट नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवून महिन्याचं बजेट मोडण्यात अर्थ नाही.

स्वस्तात काय मिळतं, ते पाहण्यासाठी खेळाच्या दुकानातून जरा बाहेर यायला हवं. गारठ्यात आणि ओल्यात रोज हातानं काम करणाऱ्यांची गरज खेळाडूंच्या आधीची आहे. जपानमधल्या शोवा कंपनीचा ‘टेमरेस’ नावाचा एक निळा हातमोजा आहे. तो बनला गार पाण्यात आणि शीतगृहात राबणाऱ्यांसाठी. दिसायला भांडी घासायच्या हातमोज्याचा थोरला भाऊ. पण आत लोकरीसारखं उबदार अस्तर आणि बाहेर अखंड पॉलियुरेथेनचा थर, तोही थोडी वाफ सोडणारा. शिवणच नसल्यानं शिवणीतून गळायचा प्रश्न नाही. बर्फाच्या भिंती चढणाऱ्या परदेशी गिर्यारोहकांनी तो उचलला, तेव्हा कंपनीनं काळ्या रंगात आणि लांब मनगटाचाही काढला. अमेरिकेतल्या स्कीच्या डोंगरांवरही असंच झालं. तिथे लिफ्ट चालवणारे कामगार ‘किन्को’ कंपनीचे अस्तर लावलेले चामडी हातमोजे घालतात, त्यांना मधमाश्यांचं मेण चोपडतात, आणि महागड्या कपड्यांतले स्कीअरही मग तेच विकत घेतात. आपल्याकडे कामाचे चामडी हातमोजे कोलकात्यात मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जगभर जातात. अस्तराचा, मऊ चामड्याचा जोड मिळाला तर त्याला मेण लावायचा प्रयोग घरी सहज होतो : मेण पातळ करायचं, हातमोजा उन्हात कोमट करायचा, शिवणींवर जास्त आणि तळव्यावर कमी असं बोटानं चोळायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं.

बोहरी आळीत किंवा औद्योगिक सुरक्षेच्या सामानाच्या दुकानात शीतगृहाचे हातमोजे मागा. त्यांच्यावर हिमकणाची छोटी खूण आणि तिच्याखाली तीन आकडे छापलेले असले तर ते वाचा. ही ईएन ५११ नावाची युरोपीय खूण. पहिला आकडा गार हवेपासूनच्या बचावाचा, दुसरा गार वस्तूला हात लावण्याचा, दोन्ही शून्य ते चार. तिसरा पाण्याचा : एक म्हणजे पाणी आत आलं नाही, शून्य म्हणजे आलं. काही ठिकाणी आकड्याऐवजी फुली असते, म्हणजे ती चाचणी केलेलीच नाही. खेळाच्या दुकानातल्या चकचकीत जोडावर एवढी स्पष्ट माहिती क्वचितच असते. एक मात्र जपा. पीव्हीसीचा थर थंडीत लाकडासारखा ताठ होतो. दुकानात मऊ लागणारा हातमोजा घरच्या फ्रीजरमध्ये तासभर ठेवून मूठ वळवून पाहिली की कळतं. पॉलियुरेथेन या बाबतीत बरंच बरं. आणि किचनचा साधा रबरी हातमोजा? आतल्या लोकरी मोज्यावर एक साइझ मोठा चढवून अडीअडचणीला चालतो. दिसतो विनोदी. बर्फात कोण बघतंय?

दुकानात उभ्या उभ्या करायची एक चाचणी सांगतो, ती दुकानदाराच्या शब्दापेक्षा भरवशाची. हातमोज्याच्या तोंडाशी फुंकर घालून तो फुगवायचा, मनगट पटकन पिळून बंद करायचं आणि आतली हवा बोटांकडे दाबत न्यायची. मग एकेक बोट आणि विशेषतः अंगठा व तर्जनी यांच्या मधला भाग गालाजवळ धरायचा. बारीकशी झुळूक लागली की समजा, पाणीही याच वाटेनं येणार. अंगठ्याच्या या बेचक्यात तीन-चार शिवणी एकत्र येतात आणि ताणही सगळ्यात जास्त पडतो, म्हणून स्वस्त जोड तिथेच दगा देतात. मग प्रत्येक बोटाच्या टोकाशी अस्तर चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. ते बाहेर यायला लागलं तर तो जोड परत ठेवा. ओला हात बाहेर काढताना अस्तर उलटं होऊन येतं आणि मग वाऱ्यात उभं राहून दहा बोटांची अस्तरं एकेक करून आत ढकलत बसावं लागतं. ज्यानं हे केलंय त्याला हातमोज्यांवर व्याख्यान देता येईल.

घरी आणल्यावर दुसरी चाचणी, परत करण्याची मुदत संपायच्या आत. बोटांच्या टोकांना टिश्यू पेपरचे तुकडे गुंडाळायचे, हातमोजा घालायचा आणि बर्फाचे खडे टाकलेल्या बादलीत मनगटाच्या खाली राहील इतपत हात बुडवून पाचेक मिनिटं मूठ उघडझाप करायची. हात नुसता बुडवून ठेवला तर बरेच हातमोजे पास होतात. पाणी शिरतं ते वळताना. कागदावरचा डाग कुठे आहे, त्यावरून गळती नेमकी कळते.

मापाबद्दल एवढंच, की घट्ट हातमोजा कधीही घेऊ नये. तो आतली हवा दाबतो आणि रक्तही. मूठ वळल्यावर बोटाच्या टोकाशी थोडी जागा उरली पाहिजे, आणि ती आतला पातळ जोड घालून पाहायची.

हा आतला जोड हीच स्वस्तातली खरी किमया. गिर्यारोहण संस्थांच्या सामानाच्या यादीत लोकरी आणि वॉटरप्रूफ असे हातमोजे बहुधा वेगवेगळे लिहिलेले असतात, तो काही कारकुनी घोळ नाही. ऊब एका थरानं द्यायची आणि पाणी दुसऱ्यानं अडवायचं. मग आतला भिजला तर तो बदलता येतो. अस्तर शिवून टाकलेला महागडा हातमोजा एकदा आतून ओला झाला की तंबूत दोन दिवस वाळत नाही. आतल्या जोडासाठी लोकर उत्तम. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. रस्त्यावर मिळणारे विणलेले मोजे बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात. सुटलेला एक धागा काडीवर जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. घरात विणकाम करणारी आजी किंवा मावशी असेल तर मनगट लांब, बाहीच्या आत चार बोटं जाईल एवढं विणायला सांगा. त्या लांब मनगटानं पाण्याची दुसरी वाट जवळपास बंद होते.

तेव्हा पाच हजार रुपये हातमोज्यांसाठी काढले असतील, तर ते सगळे एका जोडात घालू नयेत, असं माझं मत आहे. बाहेरचा एक साधा, पण फुंकरीच्या चाचणीत टिकलेला जोड, आत लोकरीचे दोन आणि उरलेल्या पैशांत अगदी स्वस्त, मोठ्या मापाचा एक मिटन सॅकच्या वरच्या कप्प्यात. चार बोटं एकमेकांना चिकटून असली की मिटनमध्ये ती पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा गरम राहतात. बूट बांधता येत नाही ही त्याची अडचण. स्कीइंगला जाणाऱ्यानं मात्र तळव्यावर चामड्याचा तुकडा लावलेला जोडच बघावा, कारण स्कीच्या धातूच्या कडा साधं कापड सहज फाडतात. सोलंगच्या रस्त्यावर कोट-बुटांबरोबर भाड्यानं मिळणारे हातमोजे कालच्या पर्यटकाच्या घामानं ओलेच असू शकतात. घ्यायचेच असतील तर आपला आतला जोड घालून.

जास्तीचा जोड का, याचं उत्तर अन्नपूर्णेवर आहे. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांनी तो माथा गाठला. आठ हजार मीटरवरचं हे माणसानं चढलेलं पहिलं शिखर. उतरताना हर्झोग यांनी सॅक उघडण्यासाठी हातमोजे काढून खाली ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, ते हातांत चढवता आले असते. उंचीवरच्या बधिर डोक्याला ते सुचलं नाही. पुढे त्यांची बोटं कापावी लागली. त्याच अन्नपूर्णेवर २०२१ मध्ये ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक पोचले. आता मोठ्या मोहिमांत हातमोज्याला दोरी आणि दोरीला मनगटाचा फास असतोच. आपल्याला तेच काम बुटाच्या लेसच्या तुकड्यानं करता येतं. लहान मुलांच्या बाह्यांतून दोरी ओवून दोन्ही हातमोजे जोडतात, ती युक्ती मोठ्यांनीही लाजू नये अशी आहे.

एवढं करूनही बोटं गारठली, तर आधी हात खांद्यातून गोल गोल जोरात फिरवायचे. रक्त बोटांच्या टोकांशी फेकलं जातं. मग काखेत. बोट पांढरं फटक पडलं आणि लागलेलं कळेना, तर ते चोळायचं नाही, बर्फानं तर मुळीच नाही, आणि शेकोटीवरही धरायचं नाही. बधिर बोट भाजलेलं कळत नाही. खरोखर गोठलेलं बोट ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात गरम करतात, तेही पुन्हा गोठणार नाही अशा ठिकाणी पोचल्यावरच. मग डॉक्टरकडे. रात्री ओले हातमोजे स्टोव्हवर न धरता स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचं. चामडं आचेनं एकदा कडक झालं की पुन्हा मऊ होत नाही.

परतल्यावर हातमोजे कोमट पाण्यात साबणाच्या फेसात धुवून, सावलीत पूर्ण वाळवून ठेवा, आणि माळ्यावर मुळीच टाकू नका. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर अस्तराला बुरशी येते. शिवाय दमट हवेत पॉलियुरेथेनचा थर आतल्या आत विघटित होतो. वरून धडधाकट दिसणारा जोड तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूठ वळताच पापुद्रे सोडायला लागतो. सोसायटीत कुणाकडून हातमोजे उसने आणत असाल तर फुंकरीची चाचणी त्यांनाही लावा. शेजाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. त्यांनाही ते कधी घेतले ते आठवत नसतं.